बोराट्याच्या नाळेतून सावित्रीच्या खाडीपर्यंत

दादाला वाळवंटातल्या घळींचं वेड आहे. माझा हा मावसभाऊ नोकरीसाठी युटाला राहतो आणि सुट्टी मिळाली की दोर खांद्यावर टाकून तिथल्या तांबड्या वालुकाश्मात शिरतो. पाण्यानं घासून घासून कोरलेल्या या घळी काही ठिकाणी इतक्या चिंचोळ्या की माणसाला आडवं होऊन सरकावं लागतं. हिवाळ्यात तळाच्या डबक्यांतलं पाणी गोठायच्या बेतात असतं, ऊन जेमतेम खाली पोचतं, म्हणून ही मंडळी थंडी अडवणारा अंगभर सूट चढवून उतरतात. यंदा तो संक्रांतीला घरी येणार होता. फोनवरच विचारलं, "आपल्याकडे असं काही आहे का गं?"

आहे की. साम्रदची सांधण दरी आहे, आणि तीही उतरत उतरत कोकणातच, शहापूरच्या डेहण्याला पोचते. पण शनिवार-रविवारी सांधणच्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून उतरायच्या, टप्प्यांवर रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. शिवाय 'आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी' असं जो तो सांगतो आणि पहिली कुठली ते एकालाही सांगता येत नाही, याचा मला फार राग आहे. म्हणून मी बोराट्याची नाळ सुचवली. नाळ म्हणजे कड्यातून कोकणात उतरणारी चिंचोळी, धोंड्यांनी भरलेली घळ. घाटमाथ्यावरच्या मोहरी गावाच्या पठारावरून लिंगाण्याच्या सुळक्याच्या कुशीत उतरायचं, पुढे ओढ्यानं पाने गावात, आणि मग ते पाणी जिथे जातं तिथे, म्हणजे काळ नदी, सावित्री, बाणकोटची खाडी असं करत समुद्रापर्यंत जायचं. दादा, मी, माझी एक मैत्रीण आणि दोरांचं सगळं बघणारा आमच्या ग्रुपमधला एक मुलगा. त्याला सगळे 'टेक्निकल' म्हणतात, इथेही तेच म्हणते.

निघायच्या आधीच हवामान खात्यानं कोकण आणि घाटमाथ्याला यलो अलर्ट दिला होता. उत्तरेत पश्चिमी झंझावात आणि अरबी समुद्रावरून येणारं बाष्प, म्हणजे जानेवारीत पाऊस. आम्ही बेत मोडला नाही, एक दिवस जादा धरला आणि निघालो. कोकणकड्याच्या कुठल्याही हिवाळी बेतात हा एक रिकामा दिवस धराच. सुट्टी कमी असेल तर दुसरीकडे जा, पण तो दिवस कापू नका.

भोगी : मोहरी

वेल्ह्यापर्यंत रस्ता चांगला, पुढे जीपवाल्याची कृपा. दुपार कलायच्या आत मोहरीत मामांच्या अंगणात सॅका टाकल्या. मामा म्हणजे आमचे वाटाडे. वय विचारलं तर म्हणतात, "मोजलं न्हाय." मामींनी भोगीचं जेवण वाढलं: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पावटा-गाजर-वांगं-हरभऱ्याची मिसळीची भाजी, वर तिळाचं कूट, आणि बाजूला लसणाची चटणी जिनं दादाच्या डोळ्यांतून पाणी काढलं.

संध्याकाळी रायलिंगच्या पठारावर गेलो. हे पठार ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, कडेला पोचेपर्यंत काहीच कळत नाही. गवतातून चालत जावं आणि एकदम पायाखालची जमीन संपावी. समोर लिंगाण्याचा सुळका, इतका जवळ की हाक मारावी, आणि मध्ये ती नाळ. लिंगाण्यामागे रायगड. पाठीमागे वळलं तर तोरणा आणि राजगड. शिवाजी महाराजांच्या दोन राजधान्या एका जागी उभं राहून दिसतात, हे एवढ्यासाठी तरी इथे यावं.

दादा पालथा पडून नाळेत डोकावत होता. मामांनी त्याला एक गंमत सांगितली. या कडेच्या अलीकडे पडलेलं पाणी भीमेला, म्हणजे पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातं. पलीकडे पडलेलं काळ नदीतून सावित्रीला आणि अरबी समुद्राला. "हितं उभं राहून गुळणा टाकला तर कुठं जाईल, ते वाऱ्यावर," असं म्हणून मामा हसले.

रात्री पौर्णिमेचा चंद्र वर आला, पण नीट दिसेना. त्याच्याभोवती भलंमोठं खळं पडलं होतं. मामांनी हात लांब करून बोटांनी मोजल्यासारखं केलं. "लांबचं खळं, जवळचा पाऊस." टेक्निकलनं फोन काढून उपग्रहाचं चित्र बघायचा प्रयत्न केला. मोहरीत रेंज एका दगडावर येते, आणि त्या दगडावर गावातली तीन पोरं आधीच बसली होती.

संक्रांत : मोहरीतच

पहाटे तीनच्या सुमाराला पत्र्यावर ताडताड सुरू झालं. पौषातला पाऊस आषाढासारखा कोसळत नाही. थांबतो, परत येतो, वारा सोडून जातो, आणि गारठा असा की दोन स्वेटरांतून हाडात शिरतो. समोरचा लिंगाणा पुसून टाकल्यासारखा नाहीसा झाला. मामांनी शेळ्या घरात घेतल्या, म्हणजे आमच्या शेजारीच. डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला असाच अवकाळी आणि गारठा एकत्र आला होता, तेव्हा पुणे जिल्ह्यात मेंढपाळांची मेंढरं उघड्यावर काकडून मेली. मामांना ते नीट आठवत होतं. त्यामुळे शेळ्यांच्या वासाबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही.

दिवसभर चुलीपुढे. मामींनी तिळगूळ दिला, गावातली पोरं येऊन देऊन गेली, आम्ही पुण्याहून नेलेला हलवा त्यांना वाटला. मग दादाला बोलतं केलं. तो एरवी घळींचे फोटो दाखवतो, त्या दिवशी त्यानं वेगळी गोष्ट सांगितली. ॲरिझोनात अँटिलोप कॅन्यन नावाची फार देखणी घळ आहे, नावाहो आदिवासींच्या जमिनीत. ऑगस्ट १९९७ मध्ये तिच्या खालच्या भागात अकरा पर्यटक एकदम वाहून गेले. त्यांच्या डोक्यावर म्हणावा असा पाऊसच नव्हता. पाऊस पडला होता वरच्या अंगाला, कित्येक मैल दूर. तिथली जमीन पाणी पीत नाही, सगळं पाणी घळीत गोळा होतं आणि भिंतीसारखं येतं. "म्हणून आम्ही आपल्या डोक्यावरचं आभाळ बघतच नाही," दादा म्हणाला. "घळीला पाणी कुठून कुठून येतं ते नकाशावर आखून घेतो आणि तिथलं आभाळ बघतो."

मामा इतका वेळ विडी विझवत-पेटवत ऐकत होते. म्हणाले, "आमचं निराळं न्हाय. फक्त आमचा नकाशा ह्यो." आणि दाराबाहेर बोट केलं. नाळेच्या डोक्यावर जे पठार, जिथे आम्ही आदल्या दिवशी हुंदडलो, तेच तिचं पाणलोट. फार मोठं नाही. पण सगळं कातळाचं, वर बोटभर माती, तीही हिवाळ्यात वाळून घट्ट. पडलं की निघालं.

फरक दगडाचा. युटाचा वालुकाश्म मऊ, पाणी त्याला वळणं देत, गुळगुळीत करत जातं. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. तो कोरला जात नाही, तुटतो. म्हणून आपल्या नाळा म्हणजे दोन उभ्या भिंतींमध्ये वरून कोसळलेल्या धोंड्यांची उतरंड. त्यांच्याकडे माणूस पाण्यानं मरतो, आपल्याकडे आधी दगडानं. पाऊस झाला की धोंड्यांखालची माती सुटते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात, आपण निर्धास्त असताना, एखादा निघतो. पाऊस थांबला की लगेच नाळेत शिरू नका, हे मामांनी तीनदा सांगितलं.

चारच्या सुमाराला उघडलं. रात्री चांदणं होतं आणि खळं नव्हतं.

किंक्रांत : नाळ, ओढा आणि पाने

सकाळी मामा निघायला तयार नव्हते. दगड ओले म्हणून नव्हे, तर आज कर होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लांबच्या वाटेला लागू नये असं गावात मानतात. मामींनीही मान डोलावली. मैत्रिणीनं हळूच विचारलं, मग उद्या निघायचं का? मामांनी जरा विचार केला, देवाला नारळ ठेवला आणि कोयता कमरेला खोचला. "ऊन वर येऊ द्या. नऊला निघू. करीला जाऊ नये म्हंत्यात, उतरू नये कुठं म्हंत्यात?" एवढं बोलून पुतण्यालाही बरोबर घेतलं. त्याचं काम पुढे येईल.

नाळेच्या तोंडाशी उभं राहिलं की खालून गार वारा येतो. पहिली दहा मिनिटं कारवीच्या झुडपांना धरून, मग दोन्ही बाजूंच्या भिंती वर वर जायला लागतात आणि आभाळाची पट्टी होते. सुक्या दिवसात ही उतरण दीड-दोन तासांची आहे. आम्हाला तीन लागले. शेवाळ नव्हतं, पण धोंड्यांच्या सावलीतल्या बाजू ओल्या होत्या आणि बुटाचा तळ तिथे काही केल्या धरत नव्हता. इथला नियम एकच, एकाच्या डोक्यावर दुसरा नको. वाकडंतिकडं पसरून उतरायचं, पुढचा आडोशाला गेला की मागच्यानं हलायचं, दगड सुटला तर नुसतं 'दगड!' असं ओरडायचं. हेल्मेटशिवाय या नाळेत पाय ठेवू नका. आमच्या डोळ्यांदेखत भिंतीवरून मूठभर खडी गळली, कुणी हात लावला नव्हता, बहुधा वर माकडं असावीत. मूठभरच, पण हेल्मेटांवर टणटण वाजली तेव्हा चौघेही भिंतीला चिकटलो.

दादाची मात्र गंमत चालली होती. त्याला इतकी वर्षं वाळूच्या तळावर चालायची सवय, इथे प्रत्येक पावलाला नवा धोंडा. "ही घळ आहे की पडलेली इमारत?" असं म्हणत तो बुडावर घसरत होता. मामा पुढे अनवाणी. चपला कोयत्याच्या शेजारी खोचलेल्या.

नाळ संपते तिथे लिंगाण्याच्या खिंडीकडे जाणारी आडवी वाट आहे. अंतर फार नाही, पण एका खांद्याला कडा घासतो आणि दुसऱ्या बाजूला काही नसतं. टेक्निकलनं इथे दोर ताणला आणि एकेकानं हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, कॅराबिनरची कडी अडकवून पार केलं. तिथे आधीपासून लटकणारे दोराचे तुकडे दिसले, रंग उडालेले. असे दोर कुणी, कधी बांधले हे कळायला मार्ग नसतो आणि उन्हापावसात नायलॉनची ताकद जाते. हात लावायचा मोह होतो. लावू नका, आपला दोर लावा.

खिंडीतून पायवाट लिंगाणमाचीकडे आणि पान्याला उतरते. आमचा बेत होता वाट सोडून शेजारच्या ओढ्यातून जायचा. या दिवसांत तो ठणठणीत कोरडा असतो, कोरड्या धबधब्यांचे टप्पे दोरावर उतरायचे. पण पहिल्या टप्प्याच्या ओठावर पोचलो तर पाणी होतं. मनगटाएवढी धार, तीस-पस्तीस फूट खाली कोंडीत, म्हणजे खडकातल्या डबक्यात, पडत होती.

इथे आम्ही बसलो, बराच वेळ. दादानं पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला, अगदी काठाला टेकवून. पाणी वाढलं तर दगड बुडेल, उतरलं तर कोरडा राहील. मग ओंजळीत पाणी घेऊन बघितलं. नितळ. काड्या, पालापाचोळा, फेस, मातकट रंग यांतलं काही दिसलं की सामान उचलायचं आणि वर व्हायचं, त्यात चर्चा नाही, असं त्यानं सांगितलं. मामांनी पाणी बघितलंच नाही. ते पाठ करून उभे राहिले, डोळे मिटून. "आवाज एकसारखा हाय," थोड्या वेळानं म्हणाले. "वाढणाऱ्या पाण्याचा आवाज आधी येतो, पाणी मागनं. दगड वाजत्यात आतल्या आत." दादानं ते तीनदा परत विचारलं आणि मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

अर्ध्या तासानं दगडाच्या खाली दोन बोटं कोरडी पट्टी दिसत होती. पुतण्याला शिट्टी देऊन वर खिंडीत बसवलं, जिथून मोहरीच्या पठारावरचं आभाळ दिसतं. एक लांब शिट्टी म्हणजे ढग, दोन म्हणजे लगेच बाहेर. मग उतरायचं ठरलं, फक्त पहिला टप्पा.

उंबराच्या जाड खोडाला मुख्य अँकर, म्हणजे दोराची पकड, मागच्या धोंड्याला आधाराचा. दादाची बांधणी बघून टेक्निकलचे डोळे चमकले. आपल्याकडे रॅपलिंगला दोर खोडाला बांधून टाकतात आणि माणूस त्यावर घसरतो. दादानं तो वरूनच सोडता येईल असा अडकवला, एका बाजूला आठ आकड्याच्या डिसेंडरनं, म्हणजे दोर हळूहळू सोडायच्या धातूच्या कडीनं, अडवून. धबधब्यात मधेच कुणी अडकलं, केस किंवा कपडा डिसेंडरमध्ये गुंतला, तर माणसाला पाण्याखाली लटकत ठेवायचं नाही, वरून दोर सोडून अख्खा खाली घ्यायचा. दोराचं टोकही त्यानं मोजून पाण्याला जेमतेम टेकेल एवढंच सोडलं. कोंडीत दोराचं भेंडोळं पडलं की पाय त्यातच गुंततात. सॅक पाठीवर नाही, हार्नेसला खाली लोंबकळती. या सगळ्या गोष्टी साध्या आहेत, फक्त आपल्याकडच्या पावसाळी 'वॉटरफॉल रॅपलिंग'च्या जाहिरातींत त्या क्वचितच दिसतात. पैसे भरण्याआधी विचारा: माणूस मधे अडकला तर तुम्ही काय करता? उत्तराला वेळ लागला तर दुसरा ग्रुप शोधा.

मी दुसरी उतरले. पाय रुंद, कंबर मागे, धारेच्या बाजूला राहायचं असं घोकत. निम्म्यावर एक फुगवटा आहे, तिथे धारेला टाळता येत नाही. पाणी मानेवरून शर्टात शिरलं आणि मी जे ओरडले त्याचा शिट्टीवाल्या पुतण्यानं भलताच अर्थ लावला. त्यानं दोन शिट्ट्या मारल्या. खाली दादानं मला जवळजवळ उचलून काठावर फेकलं. मग वरून मामांचा पुतण्याला घातलेला आवाज आला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

दुसरा टप्पा सोडला. कोंडीच्या पुढे ओढा आणखी अरुंद होतो आणि मधेच बाहेर निघायला वाट नाही. आम्ही बाजूच्या रानातून पायवाटेला लागलो. टेक्निकल तोंड पाडून चालत होता. लिंगाणमाचीत एका आजींनी पाणी दिलं आणि तांब्या परत घेताना विचारलं, "भिजलात कुठे? पाऊस तर काल होता."

पान्यात उतरलो तेव्हा चार वाजले होते. भाताची खाचरं रिकामी, आणि त्यांत वालाचे वेल, शेंगा धरलेले. इथेच मुक्काम. रात्री वाडीतल्या पोरांनी पोपटी लावली, करीचा दिवस म्हणून कोंबडी आणि अंडीसुद्धा. पोपटी हा रायगडकरांचा हिवाळा. मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा आणि जाडं मीठ, मसाला चोळलेली कोंबडी, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. त्या दिवशी घोटाळा असा की पेंढा, गोवऱ्या, काटक्या सगळं आदल्या दिवशी भिजलेलं. पोरं धुरात डोळे पुसत फुंकत होती, शेवटी एकानं घरच्या माळ्यावरून कोरडा पेंढा काढला आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. मडक्यावर पाणी शिंपडून बघतात, चर्र करून क्षणात उडालं की झाली. वरून उघडल्यावर जो वास येतो तो भांबुर्डीचा, थोडा कडसर, थोडा ओव्यासारखा. घरी कुकरमध्ये करून बघू नका, जमत नाही, मी वाद घालणार नाही.

मामा आणि पुतण्या जेवून तिथेच झोपले आणि पहाटे सिंगापूर नाळेनं वर गेले. ती वाट सोपी, गावकऱ्यांच्या येण्याजाण्याची. लहान मुलं किंवा नवखे बरोबर असतील तर तुम्हीही तीच धरा.

महाड, मग श्रीवर्धन

पान्याहून सकाळी महाड. चवदार तळ्यावर थांबलो. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे ओंजळीनं पाणी घेतलं, तिथे दादाला घेऊन जायचंच होतं. मग बाजारपेठेत एका दुकानात ओल्या बुटांत कोंबायला रद्दी मागितली. दुकानदारानं रद्दी दिली आणि भिंतीवरची रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्या वर. जुलै २०२१चा पूर. सावित्री, काळ आणि गांधारी या तिन्ही नद्यांचं पाणी महाडला येतं. वर खिंडीत आम्ही मनगटाएवढी धार मोजत बसलो होतो, ती पावसाळ्यात इथे येऊन काय होते ते त्या रेघेवर कळलं. बुटांत रद्दी कोंबणं हा मात्र उत्तम उपाय आहे, दर दोन तासांनी बदला, रात्रीत निम्मं पाणी निघतं.

एसटीनं म्हसळ्यावरून श्रीवर्धन. वाटेत आंब्याचा मोहर भरात, आणि बागांमध्ये फवारण्या. शेजारच्या सीटवरचे आंबेवाले काका अख्खा रस्ता पावसाला बोलत होते. ढगाळ हवा आली की मोहरावर तुडतुडा येतो, ओल राहिली की भुरी आणि करपा. एक फवारणी पावसानं धुतली, आता दुसरी. "तुम्ही काय, भिजलात आणि सुकलात," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

श्रीवर्धनला ज्या काकूंकडे उतरलो त्यांच्या अंगणात सुपारी वाळत होती. श्रीवर्धनी रोठा नावाजलेला, पण तो वाळायला महिना-दीड महिना ऊन लागतं. संक्रांतीच्या पावसात काकू आणि सासूबाई मध्यरात्री उठून प्लास्टिक घालत होत्या, तरी एक कोपरा भिजलाच. बुरशीचा काळा डाग आलेल्या सुपाऱ्या त्या वेचून वेगळ्या करत होत्या. वाडीत अजून मोकळं आभाळ दिसतं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. नंतर लावलेल्या पोफळी मला दाखवताना काकू प्रत्येक झाडाला हात लावत होत्या. जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. दादानं बिरड्याची तिसरी वाटी मागितली तेव्हा सासूबाई खूश.

संकष्टी : हरिहरेश्वर

काकूंनी रात्रीच बजावलं होतं, "प्रदक्षिणेला जायचं तर नऊच्या आसपास असा, उगाच लोळत राहू नका." मोबाईलमध्ये न बघता त्यांनी वेळ सांगितली. हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी, म्हणजे तीन. तीनला भरती, तर ओहोटी साधारण नवाला. किनाऱ्यावरच्या कुठल्याही बेताला हे पुरतं, तरी निघण्याआधी देवळापाशी विचारून घ्या.

संकष्टीची गर्दी होती. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग मागच्या टेकडीवरून प्रदक्षिणेची वाट. चढून गेल्यावर ती एकदम कड्याच्या फटीत शिरते. दोन्ही बाजूंना खडक, मध्ये खाली उतरणाऱ्या पायऱ्या, आणि फटीच्या तोंडाशी समुद्र. दादा पहिल्या पायरीवरच थांबला. एवढ्या लांब दोर घेऊन हिंडलो आणि घळ इथे, चपला घालून नऊवारीतल्या आजी उतरताहेत.

खाली लाटांनी सपाट केलेला खडकाचा ओटा आहे आणि कड्याच्या पायाशी खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं. खारं पाणी छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि खडक कण कण सुटतो. दादा म्हणाला, अशीच जाळी युटाच्या खडकावरही दिसते. तो त्या छिद्रांत बोटं घालून बघत राहिला, मी लाटांकडे.

कारण पाऊस गेला तरी समुद्र शांत झाला नव्हता. ओहोटी असूनही मधेच एखादी लाट ओट्यावर पसरत होती. सात-आठ साध्या लाटा येतात, माणूस सैल होतो आणि नववी गुडघ्यापर्यंत येते. या वाटेवर माणसं वाहून गेली आहेत, तशा पाट्याही आहेत. एक तरुण जोडपं सेल्फीसाठी ओट्याच्या कडेला गेलं होतं, तिथल्या एका फुलवाल्या बाईंनी त्यांना असं काही खडसावलं की दोघं धावत आले. "पाठ दाखवू नको त्याला," समुद्राकडे हात करून त्या म्हणाल्या. ओट्यावर चालताना कड्याकडची बाजू धरा, लाटेचा ओलावा जिथपर्यंत आहे त्याच्या आत पाय नको. मुलं असतील तर हात धरून.

काकूंचा उपास चंद्रोदयाला सुटणार होता, आम्हाला मात्र दुपारीच उकडीचे मोदक वाढले. तूप घरचं. पुढचं लिहीत नाही.

तिथून बागमांडला जवळ. जेटीवरून फेरीबोट सावित्री ओलांडून पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात, वेसवीला जाते. गाड्या, म्हशीचा टेम्पो, शाळेची पोरं, सगळं एकत्र. दादा कठड्याला टेकून पाणी बघत होता. त्यानं बोटीवरच्या एका खलाशाला विचारलं, घाटावर परवा पाऊस झाला, ते पाणी इथे यायला किती वेळ लागतो?

"परवाचा?" खलाशी म्हणाला. "तो येऊन गेला ना. जरा गढूळ होता, पाला होता. वर भरती लागली की काय कळतंय कुणाचं पाणी कुठलं." आणि त्यानं गाड्यांना पुढे घ्यायची खूण केली.

वेसवीला उतरून बाणकोटचा किल्ला करता येतो, रस्ता थेट वर जातो, तासभर पुरे. वेळासही जवळच आहे, पण कासवांची पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीनंतर या, जानेवारीत फक्त वाळू दिसेल. परतीला मंडणगडाहून एसटी मिळते. फेरीची शेवटची वेळ जेटीवर आधी विचारून ठेवा, ती चुकली तर मोठा वळसा पडतो. दादानं पुढच्या सुट्टीसाठी सांधणचं नाव काढलंय. मी आठवड्याच्या मधल्या दिवसाची अट घातली आहे, आणि एका रिकाम्या दिवसाची.